उणे ४० ते ७५

दर तालुक्याला एक सर्पमित्र असतो, एक माहितीच्या अधिकाराचे अर्ज टाकणारा असतो, आणि अलीकडे एक टॉवरवाला असतो. टॉवरवाला म्हणजे टॉवरचा मालक नव्हे. मालकाला शेठ म्हणतात आणि तो खाली रस्त्यावर गाडीत एसी लावून बसतो. टॉवरवर चढणाराही नव्हे. तो विशीतला पोरगा असतो, त्याला रिगर म्हणतात आणि तो वर पट्ट्याला लोंबकळत असतो. या दोघांच्या अधेमधे, टॉवरच्या पायथ्याशी उकिडवा बसून पत्र्याच्या पेटीत खांद्यापर्यंत शिरलेला आणि जगाला फक्त पाठ दाखवणारा जो इसम, तो टॉवरवाला.

आमच्या सिंधुदुर्गात त्याला भाऊ म्हणतात. रत्नागिरीत तो अण्णा असेल, जुन्नरकडे नाना असेल, पाठ तीच. वय पन्नाशीकडे झुकलेलं, चष्मा कपाळावर, कमरेला मल्टिमीटर आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. बँकेत स्लिप भरायची वेळ आली की भाऊ खिशातून मोठ्या रुबाबात टेस्टर काढतात, त्याच्याकडे बघतात, आणि काउंटरवर दोरीने बांधून ठेवलेलं पेन ओढतात. टेस्टर बाहेर निघालाच आहे तर फुकट कशाला जाऊ द्या, म्हणून शेजारच्या प्लगला लावून बघतात. "तुमच्या न्यूट्रलला करंट येतोय," एवढं कॅशियरला ऐकवल्याशिवाय त्यांचा बँकेतला व्यवहार पुरा होत नाही.

भाऊंचं काम तसं थोडक्यात सांगता येतं. डोंगराआडच्या ज्या वाड्यांत फायबर पोचली नाही, तिथं सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, टॉवर उभा करायचा आणि त्यावर ५ गिगाहर्ट्‌झचे रेडिओ बांधायचे. एकाचं तोंड तालुक्याच्या गावाकडे, बाकीच्यांची वाड्यांकडे. या लहरींच्या बहुतेक पट्ट्याला आपल्याकडे २०१८ पासून परवाना लागत नाही, त्यामुळे हा धंदा तालुक्यातालुक्यात पसरला. वरच्या सगळ्या रेडिओंच्या तारा खाली एका पेटीत येतात आणि एका डबीला जोडल्या जातात. ती डबी म्हणजे नेटवर्क स्विच. वाडीतल्या पोरीची ऑनलाइन परीक्षा, मुंबईच्या लेकाचा व्हिडिओ कॉल, सेतू केंद्रातला सातबारा आणि सरपंचांची क्रिकेटची मॅच, सगळं त्या डबीतून जातं. ती डबी कोणती घ्यायची हे ठरवणं हे भाऊंचं काम. आणि ठरवणं हाच भाऊंचा आजार.

कारण भाऊंच्या मते या धंद्याचा पायाच वाकडा आहे. इथरनेट हे मुळात घरकोंबडं. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी त्याची कल्पना मांडली ती एका इमारतीतले संगणक आणि प्रिंटर एकमेकांना जोडण्यासाठी. त्या इमारतीला छप्पर होतं, खिडक्या होत्या, बहुधा चहासुद्धा वेळेवर मिळत असेल. आपली ही वस्तू पुढे कोणी आंबोलीच्या माथ्यावर नेऊन ठेवील, जिथं वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानीमनीही नसणार. "मेटकाफना दोष नाही," भाऊ उदारपणे म्हणतात. "त्यांना कोकण माहीत नव्हतं." बाकी मग जगात जे कोणी स्विच करतात, विकतात आणि विकत घेतात, त्या सगळ्यांना दोष आहे.

स्विच विकायला पुण्याहून माणूस येतो, तो दिवस भाऊंचा सणाचा. विक्रेता तरुण असतो, इस्त्रीत असतो आणि त्याच्या बॅगेत गुळगुळीत कागदावरची पत्रकं असतात. शेठ खुर्चीत, भाऊ स्टुलावर. तैवानची मोक्सा, जर्मनीची हिर्शमान, लाटव्हियाची मायक्रोटिक, सगळ्यांची नावं टेबलावर येऊन जातात.

"सर, ही आमची रग्ड सिरीज. उणे चाळीस ते अधिक पंच्याहत्तर."

"उणे चाळीस कशाला?"

"ऑपरेटिंग टेम्परेचर, सर. उणे चाळीस अंशातसुद्धा चालू राहणार."

"आंबोलीत उणे चाळीस झालं, तर तो चालू आहे की नाही हे बघायला राहणार कोण?" भाऊ चष्मा कपाळावरून नाकावर आणतात. "ते तुम्ही लडाखला विका. माझ्याशी पंच्याहत्तरचं बोला. पंच्याहत्तर अंशात सगळे पोर्ट पूर्ण पॉवर देतात?"

विक्रेता शेठकडे बघतो. शेठ पंख्याकडे बघतात.

"सर, ते फूटनोटमध्ये..."

फूटनोट! इथं भाऊंचा चेहरा उजळतो. भाऊ डेटाशीट शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीपासून वर वाचत येतात. पहिल्या पानावर कंपनीला काय वाटतं ते छापलेलं असतं, खरं काय ते खाली बारीक टायपात तारा काढून लिहिलेलं असतं, हा त्यांचा सिद्धान्त. पंच्याहत्तर अंश हा आकडा त्यांना चैनीचा वाटत नाही. कचेरीतला साधा स्विच शून्य ते चाळीस अंशांपर्यंतचा असतो. एप्रिलमध्ये सावलीतच पारा अडतीसवर जातो, आणि उन्हातल्या बंद पेटीत त्यावर आणखी पंधरा-वीस अंश सहज चढतात. शिवाय रेडिओंना वीज पुरवणारा स्विच स्वतः तापतो ते वेगळंच. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं, हे भाऊ ज्या आवाजात सांगतात त्या आवाजात आपल्याकडे साडेसातीची मुदत सांगतात.

मग विक्रेता हुकमाचं पान टाकतो. "सर, एमटीबीएफ दहा लाख तास!"

भाऊ मोबाइलवर भागाकार करतात. "म्हणजे एकशे चौदा वर्षं. शेठ, वॉरंटी कार्डावर पणतूचं नाव घाला."

एमटीबीएफ म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ. वास्तविक त्या आकड्याचा अर्थ एक स्विच एकशे चौदा वर्षं चालेल असा नसतोच, आणि भाऊंना ते पक्कं ठाऊक आहे. असे हजार स्विच एकदम चालू असतील तर सरासरीने दर हजार तासांनी, म्हणजे सहा आठवड्यांनी, त्यातला एखादा बिघडेल, एवढाच त्याचा अर्थ. पण हे समजावून सांगितलं तर विक्रेता सुटतो. भाऊ त्याला सुटू देत नाहीत. त्याच्याकडून वीज पुरवठ्याचं कोष्टक मागतात आणि बोट ठेवून वाचतात. "आठ पोर्ट, दर पोर्टला तीस वॅट. आठ त्रिक चोवीस, दोनशे चाळीस झाले. आणि आतला पुरवठा एकशेवीसचा. म्हणजे आठ जणांना अक्षत दिलीत आणि पानं चारच मांडलीत." विक्रेता चहा अर्धा टाकून उठतो. तो गेल्यावर भाऊ त्याचं पत्रक घडी घालून जपून ठेवतात आणि पुढल्या आठवड्यात गुपचूप फोन करून तोच स्विच मागवतात. आवडला नसता तर इतकं बोललेच नसते. लग्नात मुलीची जास्त चौकशी करणारी मंडळीच होकार देतात, हे पुण्याच्या पोरांना अजून उमगलेलं नाही.

खरं नाट्य घडतं ते पेटी येते तेव्हा. स्विचसाठी भाऊ आयपी ६७ दर्जाची पेटी मागवतात. यातला पहिला आकडा धुळीचा. सहा म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही. दुसरा पाण्याचा. सात म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवली तरी आत थेंब नाही. शेठ आनंदाने जादा पैसे मोजतात. पेटी सड्यावर पोचते. आणि भाऊ पिशवीतून ड्रिल काढून तिच्या तळाला स्वतःच्या हाताने भोक पाडतात.

पहिल्यांदा हे बघणारा शेठ मटकन खाली बसतो. भाऊंचं म्हणणं मात्र चोख असतं. पेटी दिवसा तापते, आतली हवा फुगून रबराच्या कडेतून थोडी बाहेर जाते. रात्री गार होते, तेव्हा बाहेरची दमट हवा आत ओढते. पाऊस आत येत नाही, पण दमटपणा येतो, त्याचं पाणी होतं, आणि जी पेटी बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही ती आतलं बाहेरही जाऊ देत नाही. महिन्याभरात आत तळं. म्हणून तळाला श्वास घ्यायला भोक, त्याला बारीक जाळी. तारांची तोंडंही खालच्या बाजूनेच. आणि प्रत्येक तार पेटीत शिरण्याआधी खाली झोल देऊन मग वर घ्यायची, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी ठिबकतं, पेटीत येत नाही. रिगर पोरानं घाईत हा झोल ठेवला नाही तर भाऊ त्याच्याशी दिवसभर बोलत नाहीत. पाणी तारेच्या बाहेरूनच येतं असंही नाही. वर कुठं आवरणाला बारीकशी चीर गेली की पाणी तारेच्या पोटातून सरकत सरकत खाली येतं आणि थेट पोर्टात उतरतं. असा हिरवा पडलेला पोर्ट भाऊंच्या पिशवीत कायम असतो. पाहुण्यांना दाखवायला.

पावसाळा सरला की पेट्या उघडण्याचा कार्यक्रम. हा बघण्यासारखा असतो. रिगर पोरगा दार किंचित ओढतो आणि दोन पावलं मागे सरतो. भाऊ मोबाइलचा उजेड आत टाकतात. जाळीच्या तोंडावर कुंभारीण माशीनं मातीची मडकी लिंपलेली. ३५ मिलिमीटरच्या डिन पट्टीमागे पालीची वाटाण्याएवढी पांढरी अंडी, दोन चिकटून एक. रिकाम्या पोर्टात मुंग्यांची वसाहत. आणि विजेच्या दोन टर्मिनलांवर आडवी, तोंड एकीकडे शेपूट दुसरीकडे अशी खुद्द पाल.

"दादानू, पाल मेली हा आत," पोरगा सांगतो.

"पालीला काय माहीत ते अठ्ठेचाळीस व्होल्ट आहेत," भाऊ चिमट्याने तिला उचलतात. त्यांच्या आवाजात दुःख असतं, पण ते पालीचं नसतं. "रिकाम्या पोर्टांना बुचं लावा म्हणून किती वेळा सांगितलं! डेटाशीटमध्ये लिहिलंय, आयपीचा दर्जा सगळी बुचं लावली तरच."

"पालीन डेटाशीट वाचूक नाय."

पोरगा चढण्यात पटाईत आहे, म्हणून असली वाक्यं त्याला खपून जातात. भाऊ एक वही काढतात. तिच्यात तीन रकाने: साइट, तारीख, मृत्यूचं कारण. गेली कित्येक वर्षं ते स्विचांच्या मरणाची नोंद ठेवतायत. पंखा लावलेला स्विच ते घेतच नाहीत, कारण पंखा खारं वारं आणि धूळ आत ओढतो आणि स्विचच्या आधी पंखाच मरतो. सर्किटवर पातळ लेप चढवलेला घेतात, किनाऱ्यालगतच्या साइटला हवेतल्या मिठानं पट्ट्या कुजू नयेत म्हणून. दोन ठिकाणांहून वीज घेणारा घेतात, म्हणजे एक पुरवठा बसला तर दुसरा असतो. एवढं सगळं करून वहीतला तिसरा रकाना वाचला तर "स्विच मुळात खराब" अशी नोंद सापडणं कठीण. उन्हाने मेला, पाण्याने मेला, मुंगीने मेला, माणसाने मेला. आणि पानोपानी: विजेने मेला.

"माणसाने मेला" याची हकिगत वेगळी. रेडिओला वीज आणि इंटरनेट एकाच तारेतून जातात, त्याला पीओई म्हणतात. त्याची रीतसर मानकं आहेत. २००३ च्या मानकात दर पोर्टला १५.४ वॅट, २००९ च्या मानकात ३०, आणि २०१८ पासून ९० पर्यंत. मानकाप्रमाणे चालणारा स्विच समोरच्याला आधी विचारतो, तू वीज घेणारा आहेस का, किती घेशील, आणि मगच सोडतो. पण वायरलेसच्या धंद्यात २४ व्होल्टची 'पॅसिव्ह' अशी एक जात आहे. ती विचारपूस करत नाही, सरळ सोडते. तसलाच ४८ व्होल्टचा पुरवठा कुणी चुकून २४ च्या रेडिओला दिला की वरून बारीक धूर निघतो आणि खालून भाऊंचा आवाज. म्हणून भाऊंच्या पेटीत २४ च्या तारेला लाल टेप, ४८ च्या तारेला पिवळी, आणि दाराच्या आतल्या बाजूला कायमच्या शाईत लिहिलेलं: "आधी बघ. मग विचार. मग परत बघ. मग लाव."

असा हा दणकट वस्तूंचा पारखी स्वतः मात्र कमालीचा नाजूक आहे. श्रावणातल्या पहिल्या सरीला भाऊंना सर्दी होते. घाटात गाडी लागते. दिवाळीच्या पहाटे मफलर, कानटोपी आणि वर रुमाल. टॉवरच्या चौथ्या पायरीवर गेले की पाय लटपटतात, म्हणून स्विच वर रेडिओंजवळ बसवायचा की खाली, या धंद्यातल्या जुन्या वादात भाऊ कट्टर खालच्या बाजूचे. वर बसवला तर एकच तार खाली येते हे खरं, पण मग भर पावसात दुरुस्तीला कोण चढणार? वाद तात्त्विक आहे असं ते म्हणतात. वहिनी म्हणतात, "तत्त्व कसलं! ह्यांना माळ्यावरचं पातेलं काढायलाही शेजारचा मुलगा लागतो." बावीस ते सत्तावीस अंश ही आमच्या भाऊंची ऑपरेटिंग रेंज, फूटनोटसकट.

घरात वस्तू घेणं म्हणजे वहिनींचा अंत बघणं. मिक्सर घ्यायला कुडाळला गेले तेव्हा भाऊंनी दुकानदाराला विचारलं, की पंचेचाळीस अंशात सलग किती मिनिटं चालेल. दुकानदार म्हणाला, "भाऊ, पंचेचाळीस अंशात चटणी कोण वाटतं?" भाऊ निरुत्तर झाले, पण मिक्सर घेतला नाही. भाचीच्या साखरपुड्याला सगळे नवऱ्या मुलाशी बोलत होते आणि हे मंडपवाल्याच्या जनरेटरमागे वाकून अर्थिंगची तार शोधत होते. सापडली नाही. मुलाचं स्थळ चांगलं आहे का, असं नंतर कुणीतरी विचारलं तर म्हणाले, "मुलगा बरा आहे. अर्थिंग नाही."

पावसाळ्यात रात्री दोनला नेट गेलं की तालुका भाऊंच्या नावाने उठतो. भाऊ अंथरुणातच मोबाइल घेतात. त्यांच्या स्विचमध्ये एक सोय असते, ती नसलेला स्विच ते फुकट दिला तरी घेत नाहीत. ठरावीक वेळाने स्विच स्वतःच वरच्या रेडिओला हाक मारतो. उत्तर आलं नाही तर त्या पोर्टची वीज तोडतो आणि परत देतो. रेडिओ झोपेतून उठतो, नेट सुरू. आणि स्विचच अडकून बसला तर? त्यासाठी भाऊंनी शेतकऱ्यांची युक्ती उचलली आहे. विहिरीवरचा पंप घरबसल्या चालू करायचा सिमकार्डवाला मोबाइल स्टार्टर त्यांनी पेटीच्या विजेवर बसवलाय. एक मिस्ड कॉल दिला की अख्ख्या पेटीची वीज जाते आणि परत येते. लाखाच्या सामानाची चावी शेतीच्या दुकानातल्या डबीत आहे, याचं भाऊंना मनापासून कौतुक आहे. शेठला थोडी लाज वाटते.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याकिनाऱ्याने वर गेलं, तेव्हाही स्विच सगळे जिवंत होते. खांब पडल्यामुळे वीज नव्हती, बॅटऱ्या बसल्या होत्या आणि एका साइटवर फणसाचं झाड टॉवरच्या ताणतारेवर आडवं झालं होतं. "वाऱ्याचा विचार केला होता," भाऊ म्हणाले. "फणसाचा राहिला."

आता विजेची गोष्ट. इथं भाऊ विनोद करत नाहीत. वीज टॉवरवरच पडायला लागते असं नाही. जवळपास पडली तरी वरून खाली आलेल्या तांब्याच्या लांबलचक तारेत दाब उसळतो आणि तो तार धरून थेट स्विचच्या पोर्टात येतो. त्यासाठी तारेच्या दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लावतात. पण प्रोटेक्टर तो दाब जिरवत नाही, फक्त जमिनीकडे वळवतो. जमिनीत जायला वाटच नसेल, तर तो पाहुण्यासारखा दारातून परत फिरत नाही, स्विचमधूनच वाट काढतो. ही वाट म्हणजे अर्थिंग. टॉवर, पेटी, प्रोटेक्टर, बॅटरी, सगळ्यांच्या तारा एकाच जागी बांधून जमिनीत खोल नेलेल्या.

म्हणून भाऊंच्या प्रत्येक कोटेशनात स्विचखाली एक ओळ असते: "अर्थिंग: खड्डा, तांब्याची पट्टी, कंपाउंड, मजुरी." आणि प्रत्येक वेळी शेठचं लाल पेन त्या ओळीवर थबकतं.

"भाऊ, हे जमिनीत पुरायचं?"

"हो."

"म्हणजे दिसणार पण नाही?"

"नाही."

"स्विच निदान ग्राहकाला दाखवता तरी येतो हो!" आणि काट पडते. ज्या शेठनी उणे चाळीससाठी हसत पैसे मोजले, त्यांचा हात तांब्याच्या पट्टीपाशी आखडतो. काय करणार, पट्टीला डेटाशीट नसते.

त्यातून सड्याची जमीन म्हणजे जांभ्याचा कातळ, वर वीतभर माती. पावसाळ्यात ती ओली असते आणि ओल्या मातीत विजेला वाट मिळते. पण आपल्याकडे विजांचा धुमाकूळ वळवाच्या पावसात, मे महिन्यात. नेमकी तेव्हा जमीन ठणठणीत कोरडी. सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा अर्थिंग सगळ्यात नालायक. म्हणून एप्रिल संपला की भाऊ दर रविवारी कळशी घेऊन सड्यावर जातात आणि टॉवरशेजारच्या खड्ड्यात पाणी ओततात. गुरं राखणारा एक म्हातारा हे दर वेळी बघायचा.

"भाऊनू, काजी लायलात?"

"नाही हो काका. अर्थिंग आहे."

"ह्याचा कलम खंय गावता?"

भाऊंच्या आयुष्यात एक शल्य आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हे चित्र पुरं होणार नाही. शेजारच्या गावात एका देवळाच्या धर्मशाळेत फार पूर्वी एक साइट उभी राहिली. पैसे नव्हते म्हणून शेठनी कचेरीतला जुना स्विच दिला, प्लॅस्टिकचा, शून्य ते चाळीस अंशवाला. पुजाऱ्यांनी तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून कौलांखालच्या फळीवर टेकवला. झाकण नाही. लेप नाही. दोन पुरवठे नाहीत. तो स्विच आजही चालू आहे. भाऊंच्या वहीत त्या साइटचं पान कोरं आहे. रग्ड सिरीजचे कितीतरी शूर वीर सड्यावर धारातीर्थी पडले आणि बिस्किटाच्या डब्यातलं ते पोर हिरवे दिवे मिचकावत बसलंय. शेठ दर बैठकीत त्याचा दाखला देतात. "भाऊ, तो बघा, काय रग्ड आहे त्याच्यात?"

एकदा भाऊ मल्टिमीटर, मापनयंत्र आणि बरोबर रिगर पोराला घेऊन त्या देवळात जाऊन दिवसभर बसले. संध्याकाळी कारण सापडलं. देवळाच्या जीर्णोद्धारात कुण्या जुन्या वायरमननं कळसापासून तांब्याची जाड पट्टी खाली आणली होती आणि विहिरीच्या कडेला खोल पुरली होती. रहाटाचं सांडलेलं पाणी बारमाही त्या खड्ड्यात जिरतं. धर्मशाळेवरचा खांब त्याच पट्टीला बांधलेला. वर कौलांची सावली, खाली खेळती हवा. डेटाशीटमध्ये जे जे असायला हवं, ते सगळं डबीच्या बाहेर होतं. भाऊ विहिरीच्या कठड्यावर बराच वेळ बसले. मग उठून त्या पट्टीला त्यांनी वाकून नमस्कार केला, देवाला नंतर.

तेव्हा वाचकहो, एवढंच सांगायचं आहे. तुमच्या सड्यावर टॉवर असेल आणि अशा एखाद्या भाऊंचं कोटेशन शेठच्या टेबलावर किंवा ग्रामसभेत तुमच्यापुढे आलं, तर स्विचच्या किमतीवर हवी तेवढी घासाघीस करा. उणे चाळीस काढून टाका, हरकत नाही. फक्त अर्थिंगच्या ओळीवर काट मारू नका. आणि मे महिन्यात त्या बाजूला गेलात तर टॉवरशेजारच्या खड्ड्यात दोन कळशा पाणी ओता. कलम लागायचं नाही, पण नेट चालेल.